वेण्यांचा गोल

लाइट गेली ते बरंच झालं. आता त्या मोबाइलमधून डोकी वर काढा आणि जरा जवळ सरका. मेणबत्ती तिकडे कोपऱ्यात ठेव, डोळ्यांवर येते. आणि आवाज हळू, आत माणूस झोपलंय. काय गं धाकटे, एका वेणीला लाल रिबीन आणि दुसरीला रबर? अर्ध्यावर कंटाळा आला वाटतं. असू दे, बस.

भुताची गोष्ट हवी ना? मग झाडावरच्या हडळी विसरा. ही माझ्या ओळखीच्या एका बाईची गोष्ट आहे. कोण, ते विचारू नका. आपण तिला सेक्रेटरीबाई म्हणू, कारण मुलींच्या एका बोर्डिंगच्या माजी विद्यार्थिनी संघाची ती कित्येक वर्षं सेक्रेटरी होती. तिने हे मला एकदाच सांगितलं. नंतर मी खोदून खोदून विचारलं, पण तिने पुन्हा त्यातला एक शब्द काढला नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी, तिसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. सेक्रेटरीबाई सकाळीच टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून शाळेत निघाली, मागे मंडपवाल्याकडच्या भाड्याच्या गाद्या. तिच्या तुकडीला शाळा सोडून पन्नास वर्षं झाली होती. बायकांनी टूम काढली होती की हॉटेल नको न् बिटेल नको, एक रात्र आपल्या जुन्या खोलीतच झोपायचं. सगळ्या पासष्टी ओलांडलेल्या. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची पाठ, पण हौसेला मोल नसतं.

संघ चालवणं म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. जेवणात काय ठेवलं यावरून रुसवे, फोटोत मागे उभं केलं म्हणून अबोला. आणि खरं काम वेगळंच. मुलगी शाळेतून बाहेर पडली की लग्न होतं, आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं, गाव तर बदलतंच. अशा बायका शोधायच्या कशा? सेक्रेटरीबाई त्यात पोचलेली होती. कोणाच्या नणंदेला फोन लाव, कोणाच्या जुन्या घरमालकाला गाठ, पाताळातून काढायची. लोक तिचं तोंडभरून कौतुक करायचे आणि तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

पण एक बाई तिने कधी शोधली नव्हती. ती स्वतःच तिला शोधत आली.

कार्यक्रमाच्या महिनाभर आधी दुपारी बेल वाजली. दारात पन्नाशीची एक शिक्षिका. म्हणाली, तुमच्या वर्गात एक मुलगी होती, तिची मी धाकटी बहीण. मी तान्ही असताना ती गेली, तिच्या मांडीवर काढलेला माझा एकच फोटो आहे. सेक्रेटरीबाईने तिला आत बसवलं, चहा ठेवला.

बहिणीचं मागणं साधं होतं. ती म्हणाली, "कार्यक्रमात तुम्ही गेलेल्या मैत्रिणींची नावं घेता ना, त्यात माझ्या ताईचं नाव घ्या. एवढंच. आई नव्वदीला टेकलीय. शाळेत तिचं नाव घेतलं, हे मला आईला सांगायचंय."

सेक्रेटरीबाई म्हणाली, "संघाचा नियम आहे हो. शाळा पूर्ण केली तीच माजी विद्यार्थिनी. तुमच्या ताईने शाळा पूर्ण केली नाही."

 बहीण चहाला हात न लावता उठून गेली.

आता ही ताई कोण ते सांगतो. तिला सगळ्या शेपटी म्हणायच्या. केस गुडघ्यापर्यंत, म्हणून. बोर्डिंगमध्ये रात्री दिवे जायच्या आधी मुलींचा गोल बसायचा. प्रत्येकीने पुढचीची वेणी घालायची आणि आपली वेणी मागचीने. गोल असल्यामुळे एकही मुलगी उरायची नाही. मोकळ्या केसांनी खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा मेट्रनबाईंचा नियम. जी सापडेल तिला छड्या, आणि खोलीच्या मॉनिटरला तिच्या दुप्पट. मॉनिटर होती आपली सेक्रेटरीबाई. वय वर्षं तेरा.

शेपटीला ताप भरला. मेट्रनबाई म्हणाल्या, परीक्षेआधीचा ताप दिसतोय. त्या रात्री गोल बसला तेव्हा मॉनिटरने हुकूम सोडला, हिला गोलात घेऊ नका, आपल्याला लागेल. शेपटी भिंतीला टेकून बसली. तिची वेणी कोणीच घातली नाही.

मध्यरात्री ती मॉनिटरच्या कॉटपाशी आली. म्हणाली, "मला मेट्रनबाईंकडे ने ना. खूप होतंय."

"मोकळ्या केसांनी? आधी वेणी घाल."

"हात उचलत नाहीत गं. तू घाल."

मॉनिटरने कूस बदलली. म्हणाली, "सकाळी बघू."

सकाळी शेपटी कॉटला टेकून बसलेली सापडली. अर्धी वेणी हातात होती. स्वतःच घालत होती बिचारी... तीन पेड बोटांत तसेच धरलेले. ती तिथेच गेली होती.

शाळेने घरी कळवलं की दुखणं अचानक वाढलं. खोलीतल्या साऱ्या मुलींनी रात्रीचं बोलणं ऐकलं होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. झोपलेल्याला जागं करता येतं म्हणतात, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. त्यांनी ते सोंग पन्नास वर्षांवर घेतलं. मला त्याचा राग येतो. पोरी होत्या, कबूल. पण नंतर मोठ्या झाल्या ना? त्यांच्यातली एक तर डॉक्टर झाली.

तर त्या शनिवारी संध्याकाळी सगळ्या जमल्या. तीच लांब खोली, त्याच लोखंडी कॉट. दंगा काय, हसणं काय, नातवंडांनी बघितलं असतं तर ओळखलं नसतं. जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, चला गं, गोल करू या! अर्ध्याजणींचे केस कापलेले, उरलेल्यांचे विरळ. एकीची वेणी आजारपणानंतर बोटभर उरलेली. तरी सगळ्या धापा टाकत जमिनीवर बसल्या.

बसल्या आणि हात मांडीवरच राहिले.

पुढचीच्या केसांना हात लावायचा कोणालाच धीर होईना. मग डॉक्टरीण हळूच म्हणाली, "शेपटी माझ्या पुढे बसायची." बस, एवढंच. पण बांध फुटला. एक रडली, दुसरी रडली. कोणी म्हणालं, मी जागी होते गं. कोणी म्हणालं, मीही. पन्नास वर्षांनी पहिल्यांदा त्या खोलीत तिचं नाव निघालं.

एकटी सेक्रेटरीबाई उभी राहिली. म्हणाली, पुरे, उगाच जुनं उकरू नका, सकाळी पाहुणे यायचेत, लवकर उठायचंय. आणि तिने दिवा घालवला. दुसऱ्या दिवशी तिचा सत्कार होता, हे सांगायचं राहिलं.

रात्री तिला जाग आली. किती वाजले होते, माहीत नाही. खिडकीबाहेर मिट्ट काळोख. आधी वाटलं, उंदीर असेल. मग कान देऊन ऐकलं.

कंगव्याचा आवाज होता.

खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. सर्र... सर्र... केसांतून कंगवा फिरतो तसा. मग शांत. मग केस ओढल्यासारखा बारीक आवाज. पेडावर पेड. मग अनवाणी पावलं, दोनच. आणि पुढच्या कॉटवर पुन्हा... सर्र.

तिला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय.  

झोपलेल्या बायका झोपेतच काहीतरी पुटपुटत होत्या. आईने डोक्यावरून हात फिरवावा आणि पोरीने हुंकार द्यावा, तसं. एक कॉट झाली. दुसरी झाली. आवाज जवळ येत होता.

तिला पळता आलं असतं. दार तिच्याच बाजूला होतं. पण ती पळाली नाही. हे ती मला सांगताना रडली, म्हणून मी खरं मानतो. ती म्हणाली, मला वाटलं, येऊ दे. सगळ्यांची घालतेय ना, माझीही घालेल. मग फिटलं.

ती उठून बसली. अंबाड्यातल्या पिना काढल्या. केस पाठीवर सोडले. दाराकडे तोंड केलं, पाठ खोलीकडे. गोलात बसायची, अगदी तशी.

शेजारच्या कॉटवर डॉक्टरीण होती. तिचंही झालं.

पावलं. एक... दोन.

सेक्रेटरीबाईच्या मानेवर गार वाटलं.

ती थांबली.

काहीच नाही...

कंगवा नाही. हात नाही. मागे कोणीतरी उभं होतं. श्वास नव्हता, पण उभं होतं.

मग कानाशी, तेरा वर्षांच्या मुलीच्या आवाजात, अगदी साधेपणाने...

"सकाळी बघू."

...

सकाळी आधी हसण्याचा कल्लोळ झाला. एकूणएक बायकांच्या दोन-दोन वेण्या, वर दुमडून घातलेल्या, शाळेतल्यासारख्या. कापलेल्या केसांच्याही. त्या आजारी बाईच्या बोटभर केसांच्याही, उंदराच्या मिशीएवढ्या. जी ती दुसरीवर आळ घेत होती, तुझंच काम हे! कोणाला रबर नाही, रिबीन नाही, पीन नाही, तरी एकही वेणी सुटत नव्हती. मग डॉक्टरणीची नजर सेक्रेटरीबाईवर गेली. तिचे केस पाठीवर मोकळे. डॉक्टरीण म्हणाली, "तुझी नाही घातली कोणी?" आणि खोलीतलं हसणं थांबलं.

तुम्ही म्हणाल, आता तरी ती शहाणी झाली असेल. ऐका पुढे.

अकरा वाजता कार्यक्रम. पहिल्या रांगेत विश्वस्त, कॅमेरा, हार. तिच्या मैत्रिणी वेण्या न सोडताच येऊन बसल्या होत्या, पांढऱ्या डोक्यांच्या शाळकरी पोरी. आणि शेवटच्या रांगेत, न बोलावता आलेली ती धाकटी बहीण. सेक्रेटरीबाई माइकवर गेली. गेलेल्या मैत्रिणींची नावं घेतली. संपली. ती थांबली. डॉक्टरीण तिच्याकडे टक लावून बघत होती. एक नाव उरलं होतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं, असं तिने शपथेवर सांगितलं. रात्री कानाशी जे ऐकलं ते धमकी नव्हती, मुदत होती, हेही तिला तिथे उभ्याउभ्या कळलं होतं.

पण पहिल्या रांगेतले हार दिसत होते. नाव घेतलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, ही कोण, कशाने गेली? आणि विचारलं असतं तर उत्तर द्यायला खोली भरून बायका बसल्या होत्या.

ती म्हणाली, "आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या."

दोन मिनिटं संपायच्या आत शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी झाली होती.

झालं. संपली गोष्ट. सत्कार झाला, फोटो निघाले. महिन्याभरात तिने सेक्रेटरीपद सोडलं. बहिणीकडे जा, पाय धर, असं मी तिला सांगून थकलो. जाते म्हणाली. जाते जाते म्हणेपर्यंत ती नव्वदीची आई गेली. आता कोणाला काय सांगणार? तेव्हापासून तिच्या केसांत वेणी राहत नाही. अंबाडा राहत नाही. पार्लरवालीने पिनांनी जखडून दिला, तर दारापर्यंत पोचायच्या आत मोकळा. केस कापून टाक म्हटलं तर कापूही देत नाही. म्हणते, कापले तर ती घालणार कशाची? अजून वाट बघते, वेडी.

काय झालं, धाकटे? अशी का बघतेस?

...तुझी दुसरी रिबीन. हं. संध्याकाळी तू कोणाची वेणी घातलीस?

अगं, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ही गोष्ट आज काढलीच नसती. तिने स्वतःहून तुझ्याकडे पाठ करून बसावं म्हणजे...

श्श. दार वाजलं. गप्प बसा सगळे.

...काही नाही ताई, लाइट नाही ना, पोरांना झोप येत नाहीये. बसलोय गप्पा मारत. हो, तांब्या तिथेच आहे. धर, भिंतीला धरून जा. हो हो, झोपतो आम्हीही.

...

गेली. बघितलेत ना केस? आता कोणी तिला काही विचारायचं नाही. सांगून ठेवतो.

धाकटे, ती उभी होती तिथे खाली काहीतरी लाल पडलंय. मेणबत्ती घे, उचल. घाबरू नकोस, तुझीच आहे.

सुटली असेल म्हणतेस? नीट बघ. दोन गाठी मारल्या होत्यास ना तू, दातांनी ओढून?

...दोन्ही तशाच आहेत.