तात्पुरती फाइल

खरं म्हणजे त्या दिवशी माणिकपूरला कंपनीतला चंद्रहास जायचा होता. ऐन वेळी त्याची बाइक पंक्चर झाली, म्हणून सुमेध गेला. एवढंच. योगायोग, नशीब असले मोठे शब्द त्या दुपारला शोभले नसते.

श्रावण होता, पण ऊन-पावसाचा खेळ वगैरे काही नाही. आभाळ नुसतं गच्च बसलेलं. रोनाल्ड सरांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली बेकरी. जिन्यात ओल्या छत्र्यांचा आणि ताज्या पावाचा वास एकमेकांत मिसळला होता. रोनाल्ड सर इमारतींच्या सांगाड्यांची गणितं करून देत. कुठला खांब किती जाड हवा, कुठल्या तुळईत किती सळ्या टाकायच्या, हे सगळं तिथे ठरायचं, सुमेधच्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर. ऑफिसात संगणक तीन आणि तिघांचे स्वभाव तीन. सरांच्या टेबलावर मॅक, कोपऱ्यात जमिनीवर घरघरणारा लिनक्सचा जुना सर्व्हर, आणि खिडकीशी विंडोज. त्या विंडोजसमोर सरांच्या हाताखालची इंजिनिअर क्षितिजा वर्तक बसली होती, कपाळाला हात लावून.

"सकाळपासून हेच चाललंय," ती मागे न बघताच म्हणाली. "तुमच्या कंपनीने लायसन्सची फाइल पाठवली. सांगितली तिथेच ठेवली. आणि हे म्हणतंय, लायसन्स सापडत नाही. ही काय समोर पडलीय की!"

सुमेध जरासा वाकला. तिच्या केसांत पावसाचे बारीक थेंब अजून तसेच होते. त्याने घाईने नजर पडद्यावर नेली.

"मॅडम… हिला शेपूट आहे."

"काय आहे?"

"शेपूट. तुम्ही ती नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलीत ना? त्याने नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवलंय. विंडोज ते लपवून ठेवतं. तुम्हाला दिसत नाही, पण प्रोग्रॅमला दिसतं."

त्याने लपलेली नावं उघड केली, शेपटी छाटली, आणि सकाळपासून रुसलेला प्रोग्रॅम निमूट उघडला. क्षितिजाने खुर्ची वळवली.

"म्हणजे मी इतका वेळ त्या माणसाला उगाच शिव्या घातल्या."

"कोणत्या माणसाला?"

"ही फाइल पाठवणाऱ्याला."

"ती… मीच पाठवली होती."

"मग बरोबर पत्त्यावर पोचल्या," असं म्हणून ती हसली आणि तिने खणातून एक पुडकं काढलं. वाळक्या केळीच्या पानात घट्ट बांधलेली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी होती. "घ्या. सांडोरची आहेत, आमच्या वाडीतली. शिव्यांवर उतारा."

मधासारखा तो गोडवा बराच वेळ सुमेधच्या दातांत रेंगाळला. तुळिंजला घरी पोचल्यावर आई म्हणाली, "आज चहा नको म्हणतोस? बरं आहे ना?" त्याला बरं होतं. तेच तर अवघड झालं होतं.

त्या ऑफिसचं लायसन्स तात्पुरतं होतं, दर महिनाअखेरीला संपणारं. त्याला कारणही होतं. कायमची फाइल यंत्राच्या नंबराशी बांधलेली असते; यंत्र बदललं की ती फाइल मेली. आणि रोनाल्ड सर जुना सर्व्हर काढून नवा घेणार होते. तो येईपर्यंत दर महिन्याला नवी तात्पुरती फाइल सर्व्हरवर ठेवायची.

"मेलवर पाठवा ना," क्षितिजाने दुसऱ्या महिन्याच्या आधी सुचवलं होतं.

"पाठवता येते… पण विंडोजवर कुणी उघडली की ओळींच्या टोकांना न दिसणारी खूण बसते. लिनक्सला ती पचत नाही. मी आणूनच देतो."

हे निम्मं खरं होतं. ती खूण पुसायला एक आज्ञा पुरते, आणि ती सुमेधला झोपेतही आली असती.

मग तो येत राहिला. पेनड्राइव्ह खिशात घालून. काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत होई, पण तो ते लांबवत असे. क्षितिजा शेजारी खुर्ची ओढून बसायची.

"तुझं हे लिनक्स फार सोवळं आहे बाई," ती एकदा म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "एक अक्षर लहानाचं मोठं झालं तर विटाळ!"

"सोवळं नाही, सरळ आहे. चुकलं की तोंडावर सांगतं."

"आणि विंडोज?"

"ते लपवतं."

"आणि तू?"

सुमेधने माउस उगाच इकडून तिकडे हलवला. "मी… मॅकची सेटिंग बघून येतो."

"ये हो. सरांचा मॅक तुझी वाटच बघतोय," ती म्हणाली, आणि ओठ मुडपून पुन्हा कामाकडे वळली.

तिच्या पडद्यावर तेव्हा एक शाळा उभी राहत होती. एका ट्रस्टची नवी इमारत; तीन-चार जणांकडून आराखडे मागवले होते. रोनाल्ड सर म्हणाले होते, ही तू एकटीने कर, नकाशावर नाव तुझंच टाकू.

"बाबा अजून सगळ्यांना सांगतात, पोरगी कॉम्प्युटरवर टायपिंग करते," क्षितिजा सांगत होती. "केळीच्या बागेतून बाहेर त्यांना काही दिसतच नाही. एकदा ती शाळा उभी राहू दे. हात धरून नेणार आहे त्यांना. म्हणणार, बघा, हे खांब मी टायपिंग केलेत."

ती खांब दाखवायची आणि सुमेध बोट दाखवणारा हात बघायचा. बोलावं, असं हजारदा त्याच्या मनात आलं. पण आपल्यात असं काय आहे, की हिने मान वर करून बघावं? तुळिंजची एक खोली-किचन, आई, आणि दुसऱ्यांच्या संगणकांत फायली ठेवत फिरायची नोकरी. नाही म्हणाली, तर या जिन्याने पुन्हा कोणत्या तोंडाने चढायचं?

गणपती गेले आणि नवा सर्व्हर आला. सुमेधनेच तो जोडला. त्याचा नंबर कंपनीला कळवला की दोन दिवसांत कायमची फाइल आली असती. त्याने मेल लिहिली. नंबर पुन्हा तपासला. मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसला… आणि मेल न पाठवताच बंद केली. महिनाअखेरीला तो तात्पुरतीच फाइल घेऊन गेला. पुढच्या महिन्यातही. रोनाल्ड सरांना यातलं काही कळत नव्हतं. क्षितिजाने विचारलं नाही.

दिवाळीनंतर तुळिंजमध्ये डेंग्यूची साथ आली. सुमेध तापाने फणफणला. आई, यमुनाबाई, उशाशी बसून पट्ट्या बदलत होती. फोन तिने बंद करून कपाटात टाकला. "जग बुडत नाही तुझ्यावाचून," ती म्हणाली. त्या ग्लानीत महिनाअखेर आली आणि गेलीसुद्धा.

डोकं थोडं ताळ्यावर आल्यावर त्याने फोन उघडला. क्षितिजाचे कॉल एकाखाली एक होते. मग एकच ओळ — 'लायसन्स संपलं. उद्या शाळेचे नकाशे द्यायचेत.' तो 'उद्या' केव्हाच सरला होता. त्याने फोन लावला. तिने उचलला नाही.

सुमेधने सगळ्यात आधी ती मेल पाठवली, जी गणपतीनंतर पाठवायची होती. फाइल हातात पडली तशी ती घेऊन तो माणिकपूरला निघाला. कार्तिकात पाऊस नको होता, पण आभाळ पुन्हा भरलं होतं आणि अवकाळीची बुरबुर लागली होती.

दारातच त्याला रोनाल्ड सरांचा आवाज ऐकू आला.

"पण घड्याळाला हात लावायची अक्कल दिली कोणी तुला? मला सांगायचं नाय?"

क्षितिजा भिंतीला टेकून उभी होती. झालं ते असं. नकाशांवर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता आणि लायसन्सची तारीख उलटली होती. सुमेध फोन उचलत नाही हे सरांना सांगितलं असतं, तर त्याच्या कंपनीकडे तक्रार गेली असती. म्हणून तिने सर्व्हरचं घड्याळच मागे फिरवलं. कालची तारीख लावली की काल मिळेल, असं तिला वाटलं. पण असले प्रोग्रॅम एवढे भोळे नसतात. आजूबाजूला उद्याच्या तारखेच्या फायली बघून त्याने चोरी ओळखली आणि विंडोज, मॅक, सगळीकडून दार लावून घेतलं. कंपनी म्हणाली, चौकशीला दोन दिवस लागतील. ट्रस्टने थांबायला नकार दिला. शाळा दुसऱ्या कुणाला गेली.

"चुकलं माझं, सर," क्षितिजा म्हणाली. बस, एवढंच. सुमेधकडे तिने बघितलंही नाही.

त्याला तिथून परत फिरता आलं असतं. ती त्याचं नाव घेणार नव्हती, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. काम करून मुकाट निघून गेलं असतं तर पुढच्या वेळी पुन्हा जिना चढता आला असता…

"सर," तो म्हणाला, "तिचं नाही. माझं चुकलं."

"तू आजारी होतास, बाबा, तुमच्या कंपनीने सांगितलं मला. तुला कोण बोलतंय?"

"आजाराचं नाही. कायमची फाइल नवा सर्व्हर आला तेव्हाच मिळत होती. नुसती मागायची होती. मी मागितली नाही. मागितली असती तर हे काहीच झालं नसतं."

रोनाल्ड सरांनी चष्मा काढला. "का नाय मागितलीस?"

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सुमेधने एकदाच भिंतीकडे बघितलं.

"मग मला इथे यायला… कारण उरलं नसतं."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"अरे, खाली बेकरी आहे!" ते शेवटी ओरडले. "पाव घ्यायला आलो म्हणायचं! रोज यायचं होतंस! माझी शाळा घालवलीस, तिची घालवलीस, कशाला, तर…" पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. चष्मा चढवला. "फाइल बसव. तिन्हीकडे. आणि पुढच्या वेळी तुमच्या कंपनीला म्हणावं, दुसऱ्या कोणाला पाठवा."

सुमेधने फाइल बसवली. सर्व्हरवर ठेवली, नाव अक्षर न् अक्षर तपासलं, विंडोज आणि मॅकला तिचा पत्ता दिला. तारखेच्या जागी आता तारीख नव्हती. इतकं नीटनेटकं काम त्याने त्या ऑफिसात याआधी केलंच नव्हतं. क्षितिजा खिडकीतून बाहेर बघत राहिली.

तो खाली उतरला, तेव्हा मागून पावलं वाजली.

रिक्षा स्टँडच्या पत्र्याखाली ते दोघं उभे राहिले. पत्र्यावर बुरबुर वाजत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दूधखुळी आहे का मी? नव्या सर्व्हरवरही तात्पुरतीच फाइल आणलीस तेव्हाच कळलं. म्हटलं, बघू हा कधी बोलतो. महिनाअखेर आली की छान साडी काढून ठेवायचे…" ती थांबली. "मीही गप्प बसले ना. म्हणून तुझ्यावर धड रागावताही येत नाही."

"रागाव."

"रागावलेयच." तिने डोळ्यांच्या कडा ओढणीने टिपल्या. "काल बाबांनी विचारलं, कुठवर आली गं तुझी शाळा? काय सांगू?"

सुमेध म्हणाला, "क्षितिजा… मला तू आवडतेस. जे घडलं त्यानंतर हे बोलायला तोंड नाही मला. तरी बोलतोय."

"श्रावणात बोलला असतास तर हसले असते मी. चिडवलं असतं तुला." तिने ओढणी पुन्हा डोळ्यांना लावली. "आता नुसतं रडू येतंय."

"सांडोर, सांडोर! एक सीट, एक सीट!"

तिची रिक्षा आली होती. आत आधीच भाजीच्या टोपल्या घेतलेली एक म्हातारी बसली होती. क्षितिजा वाकून आत शिरली. निरोप घेतला नाही. जरा वेळाने शेजारी ठेवलेली पिशवी तिने उचलली आणि मांडीवर घेतली.

रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "दादा, येताय का? नायतर दुसरा भरतो."

सुमेधचं घर अगदी उलट्या दिशेला होतं. आई पेज करून वाट बघत असणार. अंगात अजून कसर होती. आणि पुढे जाऊन ती 'उतर' म्हणाली, तर?

तो आत बसला. रिक्षा हलली.

"सांडोरला काय काम आहे तुझं?" क्षितिजाने बाहेर बघतच विचारलं.

"काहीच नाही."

फाटक्या पडद्यातून पाणी थेट त्याच्या गुडघ्यावर येत होतं. तिने एकदा तिकडे पाहिलं, आणि त्याला आत सरकता यावं म्हणून जराशी म्हातारीच्या बाजूला सरकली.