बटणाची तक्रार

“अहो, मारू नका त्याला!”

बॅगेचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला आलेला तो दुकानाच्या दारातच थबकला. शिलाईचं काम बाजूला टाकून ती जुन्या कॉम्प्युटरला चापट्या मारत होती. ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकांना कपड्यांचे नमुने दाखवायचे, तर पडद्यावर नुसते काळे चौकोन. बाही एकीकडे, गळा भलतीकडे!

“तुमचा कोण लागतो हा?” ती कडाडली.

“मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझे तर सगळेच लागतात…”

त्याने ब्राउझरची सेटिंग उघडून एक बटण बंद केलं. चित्रं लख्ख झाली.

“चित्रं रंगवायचं ओझं ब्राउझर आतल्या ग्राफिक्स कार्डावर टाकत होता. म्हाताऱ्याच्या डोक्यावर भरला हंडा! आता नाही टाकणार.”

कॉम्प्युटर तिच्या वडिलांचा. ते गेल्यापासून दादाचं एकच पालुपद — पुन्हा बिघडला की भंगारात.

आठवडाभरात तिचा फोन. “हीच का तुमची दुरुस्ती? पुन्हा काळे चौकोन!”

तो आला, बटण बंद करून गेला. पुन्हा फोन. “लाज कशी वाटत नाही?” तो पुन्हा आला. ती दर वेळी भांडली… आणि दर वेळी चहा मात्र दोन कप टाकला.

त्यानंतर तो आला, तेव्हा दादा भंगारवाल्याला घेऊन उभा. तिचा चेहरा पांढराफटक.

“बस झाली याची नाटकं. उचला!” दादा म्हणाला.

“थांबा,” तो पुढे झाला. “कॉम्प्युटर चांगला आहे. बटण मीच चालू ठेवून जायचो… चूक माझी.”

“दर वेळी? तुमच्यासारखा अडाणी—”

“खबरदार!” ती उसळली. “त्यांना बोलायचं काम नाही. बटण मी चालू करायचे. मी!”

“तू? का?”

“का म्हणजे? पट्टा शिवून झाल्यावर हा माणूस दुसऱ्या कशासाठी आला असता?”

दादाने भंगारवाल्याकडे पाहिलं. भंगारवाल्याने छताकडे.

“मला माहीत होतं,” तो हळूच म्हणाला. “ते बटण आपोआप चालू होत नाही.”

“माहीत होतं? आणि मला घसा फोडू दिलात?”

“बोललो असतो, तर फोन बंद झाले असते… आणि तक्रार माझीही आहे.” त्याने खांद्यावरची बॅग पुढे ओढली. “हा पट्टा एवढा पक्का का शिवलात? रोज ओढून पाहतो… तुटतच नाही!”