तेजस्वीचे तीन सोमवार

फोन आला तेव्हा सुचिता माणगावहून सुटलेल्या एसटीत एका काकांना विचारत होती, की हाफ तिकिटावर बसलेल्या तुमच्या मुलाला दाढी कशी काय.

"ताई, तेजूला परत झालं," पलीकडून तेजूचा नवरा ऋत्विक बोलत होता. "श्वासच घेता येईना. दवाखान्यात इंजेक्शन दिलंय. आता बोलतेय."

"आज वार कुठला?"

"सोमवार."

"परत?"

सुचिताने काकांना सोडून दिलं. तिकीट तपासनीस म्हणून तिच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं. दाढीवाल्या बाळाने तिला टाटा केला.

तेजस्वी तिची धाकटी बहीण. कोळंबी, खेकडे, जवळा, असलं काही पोटात गेलं की तिचे ओठ सुजतात, घसा आवळतो. आणि अशा मुलीने लग्न केलं ते मुरुडच्या खानावळवाल्याच्या मुलाशी. खानावळीच्या पाटीवर एक कोळंबी दात काढून हसत असते. कोळंबीला दात नसतात आणि हसण्यासारखं तिच्या आयुष्यात काही घडतही नाही, पण पाटी तशी आहे.

तरी वर्षभर सगळं सुरळीत होतं. मागच्या पडवीत तेजस्वीची वेगळी शेगडी, वेगळी भांडी, वेगळं मीठ-मसाला. विचारल्याशिवाय ती कुणाकडचा चहासुद्धा घ्यायची नाही. घरात रोज टोपलीभर कोळंबी सोलली जायची आणि ती मजेत होती.

मग सोमवार सुरू झाले. सोमवारी घराला उपास, खानावळ बंद, मासा औषधालाही नाही. आणि नेमका त्याच दिवशी त्रास. पहिल्या सोमवारी अंगाला खाज. दुसऱ्या सोमवारी ओठ सुजले. आज श्वास.

दवाखान्यात तेजस्वी उशीला टेकून बसली होती. चेहरा अजून सुजलेला.

"डॉक्टर म्हणतात, खिचडीतल्या शेंगदाण्याचं असेल," ती म्हणाली.

"तू तर चिक्कीचं अख्खं पाकीट संपवतेस."

"तेच सांगितलं त्यांना."

"सोमवारी स्वतःचं वेगळं का नाही करत?"

"त्या दिवशी घरात मासा नसतो ना. एका कढईत सगळ्यांची खिचडी. आठवड्यात तो एकच दिवस मी पंगतीत बसते, ताई."

सुचिताने पाण्याची बाटली उघडून दिली. "संध्याकाळच्या गाडीने माझ्याबरोबर चल."

"मला ऋत्विकला सोडायचं नाय. पण घास तोंडाशी नेला की परत ताटात ठेवते. कशाने होतं तेवढं शोध. मग मी राहीन."

"आणि नाही सापडलं तर?"

तेजस्वी पाणी प्यायली. आधी तिने बाटलीचा वास घेतला.

खानावळीच्या स्वयंपाकघरात तेजस्वीची सासू जनी भांडी आपटत होती. गल्लीने गुन्हेगार तिलाच ठरवलं होतं. तोंडच तसं होतं तिचं.

"आलीस? कर चौकशी," जनी म्हणाली. "मीच विष घातलं म्हणतात. चिंबोरी बघून पळणारी सून मिळाली, वर हे."

"खिचडी कोण करतं?"

"मीच."

"आज कुणी कुणी खाल्ली?"

"मी, ऋत्विक नि तेजू. ऋत्विकने दोनदा घेतली. हल्ली सोमवारची खिचडी लय चवदार होते म्हणतो. मला पण लागते. काय वेगळं करत न्हाय गो मी."

"आणि सासरे?"

"त्यांनी केळी खाल्ली. त्यांना आता साबुदाणा पचत न्हाय."

"कधीपासून?"

"झाले की दोन-तीन सोमवार. बुधवारी मात्र गिऱ्हाइकाबरोबर बसून साबुदाण्याचे वडे हाणले. पोट पण वार बघून बिघडतं त्यांचं."

कोपऱ्यातल्या फडताळापाशी एक मांजर देवळात बसल्यासारखं डोळे मिटून बसलं होतं.

"याचाही उपास?"

"मेलं हल्ली तिथनं हलत न्हाय. त्यात उपासाचं सामान हाय नुसतं. साबुदाणा, वरई, शेंदेलोण."

सुचिताने फडताळ उघडलं. मांजर उभं राहिलं. शेंदेलोणाची बरणी अर्धी भरलेली होती. मीठ गुलाबी, बारीक कुटलेलं. एरवीपेक्षा जरा जास्तच गुलाबी. तिने झाकण काढून वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"हे कुटतं कोण?"

"हेच. खलबत्ता त्यांचा. सोड्यांचा मसालासुद्धा हेच कुटतात, कुणाला हात लावू देत न्हाईत."

दिनानाथ, म्हणजे सासरे, पुढच्या ओट्यावर जप करत होते. कपाळाला भस्म. दर श्रावणात हरिहरेश्वराला चालत जाणारा माणूस. सुनेशी घरात सर्वांत गोड तेच बोलायचे.

"पोर कशी हाय?" त्यांनी विचारलं. डोळे खरोखरच ओले होते.

"येतेय," सुचिता म्हणाली.

संध्याकाळी ऋत्विक तेजस्वीला घेऊन आला. ती आत गेली नाही, ओट्याच्या कडेला बसली. सुचिताने खिचडीची कढई बाहेर आणून दिनानाथांपुढे ठेवली. तेजस्वी कढईपासून दूर सरकली.

"काका, एक घास खा."

"मला पचत न्हाय."

"बुधवारी पचला साबुदाणा."

"भूक न्हाय."

"घास नको, साबुदाण्याचा एक दाणा. जिभेवर ठेवा, मी लगेच माणगावला जाते."

दिनानाथ दाण्याकडे बघत राहिले. हात उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"आज सोमवार हाय," ते शेवटी पुटपुटले.

"म्हणूनच," सुचिता म्हणाली.

ती ऋत्विककडे वळली. "तेजूचं मीठ वेगळं, मसाला वेगळा, शेगडी वेगळी. रोजच्या जेवणात तिच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. पोचायला एकच वाट होती, सोमवारची कढई. आणि तिच्यात पडणारं मीठ असं, की उपास सोडून कुणी त्याला हात लावत नाही. त्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, कुटून घातलेत. दोन्ही गुलाबी, दिसत नाही. साबुदाण्याची चव मात्र वाढते. मांजराला सगळ्यांत आधी कळलं."

"पण आई करते खिचडी—"

"आईने स्वतः खाल्ली. तूही खाल्लीस. आत काय आहे हे ज्याला माहीत होतं, तोच नेमका केळ्यांवर राहिला. सून दवाखान्यात गेली तर चालेल, आपला सोमवार मोडता कामा नये."

जनीने तोंडावर पदर दाबला. तीन सोमवार ती कोळंबी खाऊन उपास करत होती.

"मारायला न्हाय घातलं," दिनानाथ कळवळून म्हणाले. "देवाशपथ! सवय लागावी म्हणून. आधी चिमूटभर, मग जरा वाढवलं. पयल्यांदा नुसती खाज आली, मला वाटलं लागू पडतंय. आपल्या घरची सून मागच्या पडवीत एकटी जेवते, गिऱ्हाईक हसतात. मला वाटलं, रोज पंगतीत बसेल."

"मी बसतच होते, बाबा," तेजस्वी म्हणाली. "सोमवारी."

दिनानाथांनी मान खाली घातली.

"आज मला श्वास घेता येत नव्हता, तेव्हा तुम्हाला कारण माहीत होतं," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण थांबला नाही. "डॉक्टर दाणे दाणे करत होते. तुम्ही माझा हात धरून उभे होतात. तेव्हा तरी सांगायचं."

ती सुचिताकडे वळली.

"ताई, चल. कशाने झालं ते कळलं. आता तर अजिबात राहता येत नाय. वाईटावर असलेल्या माणसापासून मी जपेन. भलं करायला निघालेल्यापासून कशी जपू?"

"मी येतो," ऋत्विक म्हणाला. बापाकडे न बघता तो तिची शेगडी आणायला पडवीकडे गेला.

"पोलिसात उद्या मी स्वतः जाणार," सुचिता म्हणाली. "मारायला नव्हतं घातलं, हे तिथे सांगा, काका."

जनी आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला नाही, तेव्हा सगळ्यांना जास्त भीती वाटली. ती बाहेर आली ती बोचकं घेऊन.

"तुम्ही कुठे?" सुचिताने विचारलं.

"तुमच्यासंगती. या माणसाच्या घरात मला आता पाणी पण वास घेऊन प्यावं लागेल."

दिनानाथ उठले. "अगो, उद्या पाहुणे हायत. जेवण कोण करेल?"

जनी पायरी उतरली. तेजस्वीला उठताना झोक गेला, तसा जनीने तिचा दंड धरला.

"सवय करा," ती म्हणाली.