ओली शीर

हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. वाचून कुणी हसेल, ही भीती अजून आहे. पण घडलं ते असंच घडलं.

एकोणीसशे त्र्याऐंशीचा सप्टेंबर. ब्रिटिश कोलंबियात स्लोकन गावाच्या वर, कड्यावरचा एक जुना बोगदा. अशा गोष्टींना रात्र लागते म्हणतात. माझ्याकडे रात्र नाही. जे झालं ते सकाळी, न्याहारीनंतर झालं.

बोगद्यात सकाळ शिरत नाही, एवढंच.

बोगदा निक पोझ्निकॉफचा. त्याच्या आजोबांनी खणलेला. खडकात पांढऱ्या गारगोटीचा पट्टा, म्हणजे एक शीर, तिच्यात शिसं, जस्त आणि चांदी. एक कंपनी ती जागा घ्यायला तयार होती, पण माझा अहवाल चांगला आला तरच. तीन पिढ्यांची निकची आशा माझ्या सहीवर लटकली होती. आणि मला स्वतःच्या सहीचा भरवसा कधीच नव्हता.

आम्हा भूवैज्ञानिकांना एक खोड असते. दगडाला जीभ लावायची. ओला झाला की खनिज उठून दिसतं.

पहिल्या सकाळी शिरेवर एक ओला डाग दिसला...

जिभेएवढा. तोंडाच्या उंचीवर. त्यात शिसं लखलखत होतं.

मी अजून एकाही दगडाला जीभ लावली नव्हती.

इकडचे बोगदे ठिबकत असतात. हा नाही. उन्हाळाभर पाऊस नव्हता, आत नुसता फुफाटा. मला निकचा संशय आला. भारी जागा ओल्या करून ठेवायच्या, म्हणजे माझा डोळा तिकडेच जाईल, नमुनेही तिथलेच घेतले जातील.

मी दाराला माझं कुलूप लावलं. आत जमिनीवर मैदा भुरभुरला.

दुसऱ्या दिवशी मैद्यावर एकही पाऊल नव्हतं.

पण डाग होता... आणखी आत. थोडा खाली.

"निक, माझ्या आधी आत जातोस का रे?"

"किल्ली तुझ्या खिशात. मी काय उंदीर होऊन शिरू?" तो पाठीवरची पिशवी सोडत म्हणाला. बायकोने दिलेल्या ‘पिरही’, बीट भरलेल्या रशियन करंज्या, त्याने माझ्यापुढे केल्या. "खा, प्रोफेसर. उपाशीपोटी पुस्तकी शंका फार येतात."

"कुणीतरी दगड चाटतंय."

"तूच चाटत असशील. आणि विसरत असशील. काल चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होतास ना?"

हे खरं होतं. दिवसभर स्वतःच्याच जिभेवर संशय घेत राहिलो.

मग डाग आणखी खाली उतरले. कमरेपाशी. गुडघ्यापाशी.

आणि शिरेवरून सरकून साध्या खडकावर गेले. तिथे ना शिसं, ना चांदी. काहीच नाही.

निक ओली करील अशी ती जागाच नव्हती.

मी डागांमागे गुडघ्यांवर रांगत गेलो. ते डाव्या भिंतीपाशी संपत होते. तिथे पूर्वी आडवा फाटा असावा. आता तोंडाशी दगडांचा ढीग.

"इथे दरड कोसळली?" मी विचारलं.

"आजोबांच्या वेळी."

कोसळलेले दगड एकमेकांवर इतके नीट बसत नाहीत. सपाट बाजू खाली, फटीत चिपा...

ती रचलेली भिंत होती.

"आजोबांबरोबर आणखी कोण होतं?"

निकने दिवा दुसरीकडे फिरवला. "याल्मार. स्वीडिश होता, त्यांचा भागीदार. एका हिवाळ्यात न सांगता निघून गेला."

"कुठे?"

"निघून गेला म्हणजे गेला. तू दगड बघ."

मी बघत होतो. सगळ्यात खालच्या दोन दगडांच्या फटीत, जमिनीला लागून, शेवटचा डाग होता.

माझ्या डोळ्यांदेखत तो रुंद झाला...

आवाजही आला. खरखरीत, सावकाश. कोरड्या दगडावर कोरडी जीभ फिरावी तसा.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी समजत होतो की कुणीतरी खनिज बघतंय.

त्याला तहान लागली होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"नाही," निक म्हणाला. मी "काय" ते सांगायच्या आत.

अहवालात मी शीर चांगली असल्याचं लिहिलं. ती होतीच. फक्त एक अट घातली: आधी डावीकडची भिंत उघडावी.

निक माझ्या दारात आला. पहिल्यांदाच त्याने मला प्रोफेसर म्हटलं नाही.

"ती ओळ खोड, ऑरिन."

"आत काही नसेल, तर बिघडतं काय?"

त्याने एकदा माझ्या पुस्तकांकडे पाहिलं. मग गेला. त्याने कंपनीला नकार कळवला. ज्या शिरेसाठी तीन पिढ्या खपल्या ती सोडली, पण भिंतीला हात लावू दिला नाही. मी पोलिसांना सांगून पाहिलं. ओल्या डागांसाठी दगड कोण हलवणार?

त्या बोगद्यातला एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. तो परत नेऊन ठेवायचं धाडस मला झालं नाही.

त्याच्याशेजारी मी बशीभर पाणी ठेवतो. निजताना बशी भरलेली असते.

सकाळी ती कोरडी असते.

वाफ होत असेल. आमच्याकडची हवा कोरडीच.

पण दगड ओला का असतो...