पुसून टाकलेली ठकठक

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी शपथा घेत बसणार नाही. पण ज्याच्या बाबतीत घडली तो विघ्नेश माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि ज्या घरात घडली त्या घरात मी जेवून आलोय.

आणि हो, अमावस्या नव्हती. पिंपळ नव्हता. रात्रसुद्धा नव्हती.

दुबईतली सिलिकॉन ओएसिस वसाहत. जुलैतला शुक्रवार. भर दुपार.

बाहेर असं ऊन, की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा.

विघ्नेशचं काम जरा जगावेगळं. जुन्या सिनेमांचा आवाज साफ करायचा. खरखर, चरचर, मध्येच कुणी खोकलं, सगळं पुसून काढायचं. कान असा तयार, की फ्रिजचा आवाज बदलला तरी याला आधी कळणार. समिधा वहिनी म्हणायच्या, "ह्याला बायकोचं सोडून सगळं ऐकू येतं."

तेव्हा आम्ही हसायचो.

त्या जूनमध्ये त्याच्याकडे हॉलिवूडचा एक बोलपट आला. सिनेमा नुकताच बोलायला लागला होता, त्या काळातला. पडद्यावरची माणसं चक्क बोलतात, एवढं ऐकायला तेव्हा लोक तिकडे थिएटरबाहेर रांगा लावायचे. हा सिनेमाही म्हणे धो धो चालला होता. त्याचा आवाज फिल्मवर नव्हता, परातीएवढ्या तबकड्यांवर होता. त्यावरून कॉम्प्युटरवर घेतलेला आवाज विघ्नेशच्या हातात आला.

एका प्रसंगात नायिका चहा ओतत असते. माइक फुलदाणीत लपवलेला. त्यामुळे बाई प्रियकराशी बोलतानाही फुलदाणीकडे तोंड करून बोलते. विघ्नेशला हसू आलं.

ती बोलायची थांबली...

ठक.

...ठक ठक.

विघ्नेशने मागे घेऊन पुन्हा ऐकलं. कुणीतरी जाड लाकडावर आतून ठोकत होतं. आतून, कारण आवाज कोंडलेला होता. असल्या गोष्टी त्याच्या कानाला लगेच कळतात.

पुढच्या संवादानंतर पुन्हा ठकठक. या वेळी घाईघाईने.

त्याने बॉसला विचारलं. बॉस म्हणजे एमान, इजिप्तची बाई, जुन्या सिनेमांची चालतीबोलती शाळा. तिने सांगितलं, त्या वेळी कॅमेरा फार आवाज करायचा आणि तो माइकमध्ये यायचा. म्हणून कॅमेऱ्यासकट कॅमेरामनला एका जाड खोक्यात बंद करायचे. समोर फक्त काच. वर सेटचे दिवे तापलेले आणि खोक्यात हवा नाही. शॉट संपला की माणूस घामाने निथळत बाहेर यायचा.

"आणि शॉट संपायच्या आधी त्याला बाहेर यायचं असेल तर?" विघ्नेशने विचारलं.

एमानने खांदे उडवले. "नॉक करेल. पण शॉट कोण थांबवणार, हबीबी? इट्स नॉइज. क्लीन इट. यल्ला, चल लवकर, मंडेला डिलिव्हरी आहे."

तिचंही चुकलं नाही म्हणा. कामच ते.

विघ्नेश परत बसला. प्रसंग पुढे जात होता तशी ठकठक हळू होत होती.

मग फक्त खरवडल्याचा आवाज... नखांचा.

आणि अगदी शेवटी एकच थाप. हलकी.

त्या क्षणी नायिका फुलदाणीकडे बघत नव्हती. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. हातातली किटली थांबली होती.

तिला ऐकू आलं होतं.

मग तिने चहा ओतला आणि पुढचं वाक्य म्हटलं.

विघ्नेशने तिथेच आवाज थांबवला. पण डेडलाइन डोक्यावर असली की माणूस फार वेळ थांबत नाही. त्याच्या सॉफ्टवेअरला एखादा आवाज एकदा ओळखायला शिकवला, की तो जिथे जिथे असेल तिथून ते पुसून टाकतं. त्याने ठकठक निवडली आणि बटण दाबलं.

प्रसंग स्वच्छ झाला. नायिका, चहा, गोड बोलणं. मध्ये फक्त शांतता.

गंमत तिथून सुरू झाली. निदान आधी ती गंमतच वाटली.

जेवण घेऊन येणारा मुलगा फोनवर चिडला. "सर, कितना नॉक किया, कोई खोलता ही नहीं!" विघ्नेश दाराजवळच्या सोफ्यावर बसलेला होता.

मग बाथरूमची कडी अडकली. वहिनी आत, हा बाहेर मोबाइलवर. शेवटी त्यांनी हाका मारल्या तेव्हा धावला.

"अरे, मघापासून दार बडवतेय!"

"हाक मारलीस तीच ऐकली मी. शप्पथ."

त्याने कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. फ्रिज ऐकू येत होता. वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू येत होती.

फक्त ठकठक...

आता तो शुक्रवार. वहिनी अल बर्शाला ऑफिसात. शुभ्राच्या शाळेला सुट्टी. शुभ्रा म्हणजे त्यांची सहा वर्षांची लेक, गोड आणि महा उपद्व्यापी. विघ्नेश घरूनच काम करत होता. उन्हासाठी बाल्कनीचे जाड पडदे ओढलेले. पडद्यापासून त्याची खुर्ची हातभर अंतरावर.

हेडफोन टेबलावर काढून ठेवलेले होते. हे नीट लक्षात ठेवा. हेडफोन कानाला होते का, हे वहिनींनी त्याला नंतर रडत रडत पुन्हा पुन्हा विचारलं.

घर शांत होतं. शुभ्रा बेडरूममध्ये कार्टून बघत असेल, असं त्याला वाटलं. किती शहाण्यासारखी बसलीये, असंही वाटलं.

एसीची घरघर येत होती.

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तेही येत होतं.

आणि बेल वाजली.

दारात शेजारच्या नूरजहाँ आंटी. ओढणी घसरलेली, चेहरा पांढरा.

"भाईजान, कब से दरवाज़ा पीट रही हूँ! बच्ची! बच्ची बालकनी में है!"

विघ्नेशने पडदा ओढला...

शुभ्रा काचेला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. तिचा हात अजून काचेवर होता, आणि तो हलत होता.

विघ्नेशच्या डोळ्यांसमोर ती काचेवर थाप मारत होती.

त्याला काही ऐकू येत नव्हतं.

शुभ्रा बेडरूमच्या बाजूच्या दाराने कुंडीला पाणी घालायला गेली, पाठीमागे सरकतं दार बंद झालं आणि आतली खटकी पडली. सर्दीने घसा बसलेला, त्यामुळे हाक निघेना. एवढंच. नूरजहाँ आंटींना दोन भिंतींपलीकडे, टीव्ही चालू असताना ऐकू आलं होतं. बापाला हातभर अंतरावरून आलं नाही.

देवाची कृपा, पोर वाचली. हॉस्पिटलमध्ये सलाइन लावलं. तळहात भाजले होते, त्यांना पट्ट्या बांधल्या. विघ्नेश कॉटशेजारी जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

शुभ्राने डोळे उघडले. "बाबा, आय नॉक्ड अँड नॉक्ड."

"हो गं राणी... चुकलं माझं."

"द अंकल वॉज नॉकिंग टू."

"कोण अंकल?"

"बाल्कनीतला. ही वॉज ऑल वेट." तिने पट्टी बांधलेला हात उचलला. "ही सेड, बाबाला ऐकू नाही येणार. ही सेड, यू रब्ड इट ऑफ."

बाल्कनीत दुसरं कुणी नव्हतं. असणार कसं? घर अकराव्या मजल्यावर.

शुभ्रा घरी आल्यावर विघ्नेशने मूळ आवाज उघडला. न पुसलेला, जसा आला तसा. ती ठकठक जशीच्या तशी परत ठेवायची, डिलिव्हरी कधीच होऊन गेली असली तरी, असं ठरवून बसला.

मूळ आवाजात ठकठक नव्हती.

नखं नव्हती. शेवटची थाप नव्हती. नायिका मात्र तशीच किटली धरून कॅमेऱ्याकडे बघत होती.

तेव्हाच... त्याच्या पाठीमागे, बेडरूमच्या कपाटातून...

ठक.

इतक्या दिवसांनी त्याला ऐकू आलं.

त्याने कपाट उघडलं. आत कपडे होते. घामाचा दर्प होता.

ती नोकरी त्याने सोडली. घरातल्या कड्या, खटक्या, सगळं काढून टाकलं. बाथरूमच्या दारालाही आता नुसता पडदा आहे.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींनी वालाचं बिरडं केलं होतं. विघ्नेशचा घास हातातच थांबला. तो उठला, बाल्कनीचं दार उघडून आला. बसला. दोन घास खाल्ले, पुन्हा उठला. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. वहिनी ताटाकडे बघत राहिल्या.

मला राहवलं नाही. "अरे, शुभ्रा समोर बसलीये ना? मग कशाला उठतोस?"

"त्या दिवशीही ती घरातच बसलीये असंच वाटलं होतं मला," तो म्हणाला. "आता ऐकू येतं रे. दिवसभर येतं. पण त्यातली हिची कुठली आणि त्याची कुठली, ते ओळखता येत नाही. म्हणून मी सगळीच दारं उघडतो."

तो पुन्हा उठून बाल्कनीकडे निघाला.

शुभ्राने ताटातून मान वर केली नाही.

"नॉट देअर, बाबा," ती म्हणाली, आणि माझ्या खुर्चीमागच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

विघ्नेश वळला. मी मात्र मागे वळून पाहिलं नाही.