कर्णफुलावरचे हात

तेराव्यापर्यंत देवपूजा बंद होती, त्यामुळे देव्हाऱ्यातल्या त्या मातीच्या कर्णफुलाला अण्णांनंतर कुणाचाच हात लागला नव्हता. केतकीने ते चिमट्याने उचलून डबीत ठेवलं.

"देवीचं आहे ते," आई दारातून म्हणाली. "पाठवायचंच का?"

"अण्णाच म्हणाले होते ना, ज्यांचं त्यांना पोचतं कर."

अण्णा मयेकर बोटीवर इंजिनियर होते. मेक्सिकोच्या एका बंदरात दुकानातून त्यांनी ते घेतलं होतं. भाजलेल्या मातीचं, रुंद कडेचं, कानाच्या पाळीत बसवायचं. निवृत्तीनंतर रत्नागिरीच्या घरी रोज अंघोळ झाली की ते त्याला गंध लावत.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तेजल शेखने ते स्पर्शवाचकाखाली ठेवलं. हाताळणाऱ्या प्रत्येकाचा घाम, कातडीचे कण मातीच्या छिद्रांत थराथरांनी साचतात. यंत्र एकेक थर किरणाने जाळतं आणि त्या वाफेवरून माणूस ओळखतं. तळाच्या थरांवरून वस्तूचं मूळ गाव ठरतं.

"ताई, वाचला की थर गेला," तेजल म्हणाली. "सगळ्यात वर तुमचे वडील आहेत. अजून विचार करा."

अण्णांचा चष्मा, चपला, कपडे, सगळं केतकीने कोरड्या डोळ्यांनी आवरलं होतं. आता तिला हो म्हणायला वेळ लागला.

पडद्यावर चंदनाची रेघ उमटली, तिच्याखाली अण्णा. मग दोन्ही गेलं. मग दुकानदार, कुणी संग्राहक, कुणी उकरणारा. त्याखाली शेकडो वर्षांची नुसती माती.

"कबरीतलं दिसतंय," तेजल हळूच म्हणाली.

"आईला सांगू नकोस. अख्खा देव्हारा धुऊन काढेल."

दोघी जराशा हसल्या. यंत्र चालूच होतं.

मातीखाली एका तरुण बाईचा हात निघाला. एकदाच लागलेला, आसवांनी खारट. तिच्याखाली एक म्हातारा, वर्षानुवर्षं ते घालणारा.

"बाप-लेक आहेत," तेजलचा चेहरा उजळला. "त्याला पुरताना तिनेच ठेवलं असणार. गावही जुळलं, ताई. डोंगरातलं आहे. त्यांच्या वंशातली माणसं अजून राहतात तिथे."

"आणि तिचा थर?"

"वाचला ना. म्हणजे गेला."

केतकी त्या स्वच्छ, कोऱ्या मातीकडे बघत राहिली.

"अण्णांचा हात पुसायला मी हो म्हटलं," ती म्हणाली. "तिचा पुसायला कोण हो म्हणालं, तेजल?"