नकाशातलं पाणी

सारिकाताई भालेराव यांच्या रोपवाटिकेत, मोगऱ्याच्या कुंड्यांमध्ये बसूनच मैथिली काकडेने ते यंत्र पहिल्यांदा सुरू केलं होतं. गॅसच्या शेगडीएवढी पेटी. ती जमिनीत बारीक कंपनं सोडायची आणि खडकांतून परतणाऱ्या लहरींवरून खालच्या पाण्याचं चित्र पडद्यावर काढायची. भोक न पाडता पाणी दिसत होतं. तिनं त्याला नाव दिलं भूजलदर्शक.

शहर तोवर डोंगराच्या पायथ्याशी येऊन ठेपलं होतं. पावसाचं पाणी नेमकं कोणत्या उतारावर मुरतं हे दाखवून दिलं, तर निदान तेवढी जागा बांधकामातून सुटेल, असं भूजलशास्त्रज्ञ असलेल्या मैथिलीला वाटत होतं. सारिकाताई वर्षभर तिच्याबरोबर पेटी उचलून डोंगर चढल्या. नकाशा पूर्ण झाल्यावर मैथिलीने तो नगररचना कार्यालयात दिला आणि नियमाप्रमाणे तो सर्वांसाठी खुला झाला.

उतारावरच्या जागांना एकदम मागणी आली. ‘मुबलक पाणी, शास्त्रीय पुरावा’ अशा जाहिरातींखाली तिचाच नकाशा छापलेला होता. दोन वर्षांत तिथे अकरा गृहसंकुलं उभी राहिली. पाणी मुरायचं तिथे काँक्रीट झालं, आणि नकाशात जिथे जिथे निळं दिसत होतं तिथे तिथे बोअर पडली. मैथिलीने हरकती घेतल्या. सुनावणीत तिला सांगण्यात आलं, की नकाशा उत्तमच आहे, पण बांधू नका असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

या मार्चमध्ये सारिकाताईंची विहीर आटली. मैथिली रोपवाटिकेत गेली तेव्हा निम्मी रोपं वाळली होती. माफी कशी मागावी हे ती मनात जुळवत होती, पण सारिकाताईंनी पेटी आणली आहे का, एवढंच विचारलं.

साडेचारशे फुटांवर, खडकाच्या भेगेत एक निळी रेघ उमटली. डोंगराखालचा हा शेवटचा साठा. तो अजून कोणत्याही नकाशात नव्हता.

“इथे बोअर घेतली तर हेही संपेल, ताई.”

“मी नाही घेतली, तर उरणार आहे का?” सारिकाताई म्हणाल्या.

मैथिली उठून आंब्याच्या कलमांपाशी गेली आणि टाचेनं मातीत बोअरसाठी खूण केली.

सारिकाताईंनी कुंपणापलीकडच्या इमारतींकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “हे आता कुणाला सांगायचं नाही ना?”